कॅन्सर बरा झाला, मग आता सिगरेटचं काय?

"व्हायचं ते होऊन गेलं, आता सोडून काय उपयोग?" कॅन्सरमधून उठलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकलं की पोटात तुटतं. कारण हे साफ चूक आहे, आणि चूक आहे हे त्याला कुणी समोर बसून सांगितलेलंच नसतं.

फुप्फुसाचा किंवा घशाचा कॅन्सर झालेल्यांना निदान संबंध तरी ठाऊक असतो. बाकीच्यांचं काय? माझ्या दादाला मूत्राशयाचा कॅन्सर झाला. "सिगरेटचा धूर छातीत जातो, लघवीच्या पिशवीशी त्याचा काय संबंध?" असं तो अगदी मनापासून विचारायचा. संबंध सरळ आहे. धुरातली विषारी रसायनं फुप्फुसातून रक्तात उतरतात, मूत्रपिंडं ती गाळून लघवीत टाकतात, आणि ती लघवी तासन्‌तास पिशवीच्या अस्तराला लागून राहते. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण धूम्रपानच आहे. स्वादुपिंड, मूत्रपिंड, गर्भाशयाचं मुख यांच्या कॅन्सरशीही त्याचा संबंध आहे. हे किती रुग्णांना माहीत असतं?

दादाच्या फॉलोअपच्या कागदांवर दर वेळी एक ओळ असायची, 'धूम्रपान : होय'. त्याखाली थेट रक्तदाब. मधे ना सल्ला, ना औषध, ना समुपदेशकाकडे पाठवल्याची चिठ्ठी. मला याचा मनस्वी राग येतो. डॉक्टरांकडे वेळ नसतो, मान्य. पण स्कॅन, रक्ततपासण्या, औषधं यांवर इतकी मेहनत घ्यायची आणि ही एक गोष्ट नुसती लिहून सोडून द्यायची?

अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख डॉक्टरांच्या) २०१४ च्या अहवालात स्वच्छ लिहिलं आहे की कॅन्सर झालेल्यांनी सिगरेट चालू ठेवली तर मृत्यूचा धोका वाढतो, आणि धूम्रपानामुळे होणारा दुसरा, नवा कॅन्सर होण्याचा धोकाही वाढतो. जुना उलटणं वेगळं आणि नवा होणं वेगळं, हेसुद्धा बऱ्याच जणांना सांगावं लागतं. छातीवर रेडिएशन घेतलेल्यांनी तर जास्तच जपायला हवं. त्या रेडिएशनचा आणि काही केमोच्या औषधांचा हृदयावर ताण आलेला असतो, त्यात सिगरेटची भर पडते. उपचार चालू असतानाही तेच. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो, ऑपरेशनच्या जखमा उशिरा भरतात, आणि इरिनोटेकानसारखं केमोचं औषध शरीर लवकर संपवून टाकतं.

मग रुग्ण स्वतः मदत का मागत नाहीत? लाजेने. "तूच ओढवून घेतलंस" हे नातेवाइकांनी इतक्यांदा ऐकवलेलं असतं की रुग्ण डॉक्टरांपुढेही "सोडली" म्हणून मोकळा होतो आणि जिन्यात जाऊन ओढतो. टोमण्यांनी कुणाची सिगरेट सुटल्याचं मी पाहिलेलं नाही. निकोटिनचं व्यसन हा आजार आहे, त्यावर पॅच आहेत, गम आहे, व्हॅरेनिक्लिनसारखी गोळी आहे, समुपदेशन आहे. औषध आणि समुपदेशन दोन्ही मिळालं तर सुटण्याची शक्यता वाढते. आणि सोडल्यावर फायदा सुरू व्हायला वर्षं लागत नाहीत, रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांतच उतरतो.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर पुढच्या तपासणीला सोबत जा आणि डॉक्टरांना थेट विचारा: "यांची सिगरेट सोडवायला तुम्ही काय देणार आहात?" उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.