रोचेस्टर ऱ्हायनोज: बढतीचं दार बंद होतं म्हणून क्लब संपला?

आयएसएलमध्ये बढती-पदावनती (खालच्या श्रेणीतला विजेता वर, वरच्या श्रेणीतला तळाचा संघ खाली) हवी की नको, हा वाद पेटला की फुटबॉलच्या ग्रुपांवर एक जुना मेसेज हमखास फिरायला लागतो. त्यातली गोष्ट अशी. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरात हौशी पोरांचा एक संघ होता. 1999 मध्ये त्यानं एमएलएसच्या, म्हणजे अमेरिकेतल्या फुटबॉलच्या सर्वोच्च लीगच्या, चार संघांना लोळवून देशाचा कप उचलला. नाक कापलं गेलं म्हणून एमएलएसनं त्याला दारातही उभं केलं नाही. मैदान तुडुंब भरत असूनही वरच्या श्रेणीत जायची वाट नव्हती, म्हणून क्लब उपासमारीनं मेला. बढतीची पद्धत असती तर आज तो अमेरिकेतला बडा क्लब असता. आणि शेवटी इंग्लंडचा फुटबॉलपटू जेमी व्हार्डी देवासारखा धावून आला आणि त्यानं क्लबला जीवदान दिलं.

यातला कप खरा आहे. बाकीचं मात्र जसंच्या तसं गिळण्यासारखं नाही.

आधी त्या हौशी पोरांचं बघू. रोचेस्टर रेजिंग ऱ्हायनोज हा 1996 मध्ये सुरू झालेला पूर्णपणे व्यावसायिक क्लब होता आणि एमएलएसच्या खालच्या ए-लीगमध्ये खेळायचा. पहिल्याच वर्षी तो यूएस ओपन कपच्या, म्हणजे त्याच देशाच्या कपच्या, अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता. वाटेत टँपा बे आणि कोलोराडो हे एमएलएसचे दोन संघ त्यानं बाहेर काढले आणि फायनलमध्ये डीसी युनायटेडकडून 3-0 असा हरला. 1998, 2000 आणि 2001 मध्ये ए-लीगचं विजेतेपद त्याचंच. प्रशिक्षक पॅट एर्कोली यांनी बांधलेला तो मुरलेला संघ होता. त्या काळात रोचेस्टरच्या गोलमध्ये उभा राहणारा कॅनडाचा पॅट ऑनस्टॅड पुढं सॅन होजेला गेला, 2003 मध्ये एमएलएस कप जिंकला आणि त्या वर्षीचा लीगचा सर्वोत्तम गोलकीपरही ठरला. याला हौशी म्हणायचं तर मग व्यावसायिक कोणाला म्हणायचं?

कपची गोष्ट मात्र मेसेजमध्ये आहे त्याहून भारी आहे, आणि ती नीट सांगितलीच जात नाही. त्या वर्षी रोचेस्टरनं ज्यांना हरवलं त्यात शिकागो फायर होता, म्हणजे आदल्याच वर्षी एमएलएस आणि ओपन कप असे दोन्ही मान मिळवलेला संघ. मग डॅलस बर्न, मग कोलंबस क्रू. 14 सप्टेंबर 1999 ला कोलंबसच्या नव्याकोऱ्या स्टेडियममध्ये अंतिम सामना झाला, समोर कोलोराडो रॅपिड्स. डग मिलरनं दुसऱ्या डावात पहिला गोल केला, अगदी शेवटी यारी ऑलनटनं दुसरा, आणि विषय संपला. प्रेक्षक किती? 4,555. त्या दिवसांत रोचेस्टरच्या घरच्या साध्या लीग सामन्याला याच्या दुपटीहून जास्त माणसं असायची. एमएलएस सुरू झाल्यापासून आजतागायत खालच्या श्रेणीतल्या दुसऱ्या कुठल्याही क्लबला हा कप जिंकता आलेला नाही. 2008 मध्ये चार्ल्सटन बॅटरी आणि 2022 मध्ये सॅक्रामेंटो रिपब्लिक फायनलपर्यंत गेले, दोघंही हरले.

आता नाचक्की झाली म्हणून दार लावलं, या आरोपाकडं येऊ. मालकांना एमएलएसमध्ये जायचं होतं, ते त्यांनी कधी लपवलं नाही. पण 1999 ते 2002 या काळात एमएलएसची स्वतःची अवस्था काय होती हे मेसेज लिहिणाऱ्यानं पाहिलेलंच दिसत नाही. पहिल्या पाच वर्षांत लीगनं सुमारे 25 कोटी डॉलर बुडवल्याचे अंदाज तेव्हा छापून येत होते. मालक उरले होते मोजून तीन: अँशुट्झ, हंट आणि क्राफ्ट. एका टप्प्यावर दहापैकी सहा संघ एकट्या फिलिप अँशुट्झ यांच्या हातात होते. जानेवारी 2002 मध्ये लीगनं दोन संघ चक्क बंद केले, टँपा बे म्युटिनी आणि मायामी फ्यूजन. यातला मायामी तर 2001 च्या हंगामात गुणतक्त्यात पहिला होता! साखळीत सगळ्यांच्या वर राहिलेला संघ मोडीत निघत असताना बाहेरच्या कुणाला पायघड्या कोण घालणार? रोचेस्टरचा सुवर्णकाळ आणि एमएलएसचा पडता काळ एकाच वेळी आले. याला दुर्दैव म्हणा. सूड म्हणायला काही आधार नाही.

एमएलएस खालच्या क्लबांना कधी जवळ करतच नाही, हेही खोटं. सिअॅटल, पोर्टलंड, व्हँकुव्हर, माँट्रियल, ऑर्लँडो, मिनेसोटा, सिनसिनाटी ही सगळी नावं खालच्या श्रेणीतूनच वर आली. माँट्रियल इम्पॅक्ट तर ए-लीगमध्ये रोचेस्टरचा जुना प्रतिस्पर्धी, तो 2012 मध्ये आत गेला. फरक एवढाच की हे क्लब गुणांवर नाही, चेकवर आत गेले. 2007 मध्ये टोरंटोकडून प्रवेशाचे एक कोटी डॉलर घेतले होते, सिनसिनाटीपर्यंत तो आकडा 15 कोटींवर गेला. ही पद्धत मला मुळीच आवडत नाही. जिंकणाऱ्याला वर जाता येत नाही ती लीग अर्धवटच, यावर मेसेजवाल्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते रोचेस्टरच्या मरणाचं कारण म्हणून ती पद्धत पुढं करण्याशी.

कारण क्लब संपला तो घरातच, आणि संपायला बरीच वर्षं लागली.

1996 ते 2005 ऱ्हायनोज फ्रंटियर फील्डवर खेळले. ते बेसबॉलचं मैदान, शहराच्या मध्यात, भाड्याचं. मेसेजमधलं तुडुंब मैदान ते हेच: नव्वदच्या दशकाच्या शेवटी सरासरी दहा हजारांच्या वर गेली होती आणि खालच्या श्रेणीत तेव्हा असली गर्दी कुणाकडं नव्हती. पण बेसबॉलच्या मैदानात पाहुणा म्हणून राहून एमएलएसमध्ये जाता येणार नाही, हे उघड होतं. म्हणून फुटबॉलचं स्वतःचं स्टेडियम उभारायचं ठरलं. राज्याच्या तिजोरीतून मोठी मदत आली, खर्च सुमारे साडेतीन कोटी डॉलरवर गेला आणि जून 2006 मध्ये पेटेक पार्क उघडलं. जागा 13,768, पुढं वीस हजारांपर्यंत वाढवायची योजना. ती वाढ कधीच झाली नाही. मैदान उभं राहिलं ते शहराच्या वायव्येकडच्या एका गरीब वस्तीला लागून. पार्किंगचं काय, रात्री परतताना सुरक्षित आहे का, अशी कुरकुर पहिल्यापासून होती, आणि फ्रंटियर फील्डवर पोराबाळांना घेऊन येणारी बरीच कुटुंबं इकडं फिरकली नाहीत. भाड्याच्या खोलीत सुखानं राहणाऱ्या माणसानं ऐपतीबाहेरचा फ्लॅट घ्यावा आणि हप्त्यांत बुडावं, तसं झालं. दीड वर्षात मालकांचे हात वर. 2008 मध्ये युटिकाचे व्यावसायिक रॉब क्लार्क यांनी क्लब घेतला, नावातलं रेजिंग गळालं आणि नुसते ऱ्हायनोज उरले.

स्टेडियमच्या नावाचा प्रवासही बघण्यासारखा आहे. आधी टेलिकॉम कंपनी, मग मोटारींचा डीलर, मग बफेलोची हॉट डॉग बनवणारी कंपनी. प्रायोजक कुठल्या वळणानं चालले होते ते यावरून कळतं. ज्या कोडॅकनं हे शहर पोसलं, जिच्याकडं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एकट्या रोचेस्टरात साठ हजार लोक कामाला होते, ती कंपनी जानेवारी 2012 मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात उभी होती. अशा गावात क्लबच्या जर्सीवर नाव टाकायला पैसे मोजणार कोण?

2013 च्या अखेरीस क्लब ज्या लीगमध्ये खेळायचा त्या यूएसएललाच तो ताब्यात घ्यावा लागला. आणि गंमत बघा, मैदानावर तेव्हा सगळं झकास चाललं होतं. 2015 मध्ये बॉब लिली यांच्या हाताखाली ऱ्हायनोज 28 साखळी सामन्यांत फक्त एक हरले आणि फायनलमध्ये एलए गॅलक्सीच्या दुसऱ्या संघाला जादा वेळेत 2-1 असं हरवून विजेते झाले. घरच्या मैदानावर! 2016 मध्ये डेव्हिड आणि वेंडी ड्वॉर्किन या दांपत्यानं क्लब विकत घेतला. नोव्हेंबर 2017 मध्ये त्यांनी जाहीर केलं की महिनाअखेरपर्यंत 13 लाख डॉलर उभे राहिले नाहीत तर पुढचा हंगाम नाही. पैसे उभे राहिले नाहीत. म्हणजे अजिंक्यपद ते कुलूप, मध्ये दोन वर्षं. जिंकल्यानं बिलं भरली जात असती तर ही वेळ आलीच नसती.

राहिला मुख्य मुद्दा: वरच्या श्रेणीत गेला असता तर वाचला असता. हे तपासायला कल्पना करायची गरजच नाही, रोचेस्टरनं वरची श्रेणी दोनदा पाहिली आहे.

पहिल्यांदा लान्सर्सच्या रूपानं. हा क्लब 1967 चा, सुरुवातीला लहान लीगमधला. 1970 मध्ये तो त्या वेळच्या सर्वोच्च लीगमध्ये, एनएएसएलमध्ये गेला आणि पहिल्याच झटक्यात विजेता झाला. बढतीवाल्यांना हवी असते अगदी तशीच कहाणी. 1971 मध्ये डॅलसविरुद्धचा त्यांचा एक बाद फेरीचा सामना 176 मिनिटं चालला होता, कार्लोस मेटिडिएरीनं गोल करून एकदाचा संपवला. हे वाचलं तेव्हा मला खेळाडूंपेक्षा रेफ्रीची दया आली. असा हा क्लब 1980 च्या हंगामानंतर बंद पडला, सर्वोच्च श्रेणीत असतानाच.

दुसऱ्यांदा महिलांचा वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅश. ऱ्हायनोज खेळायचे त्याच स्टेडियममध्ये, महिला फुटबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये. 2011 चं विजेतेपद त्यांच्याकडं, तेव्हा संघात ब्राझीलची मार्ता होती. 2016 मध्ये एनएसडब्ल्यूएलचं नव्हे, एनडब्ल्यूएसएलचं, म्हणजे महिलांच्या सर्वोच्च लीगचं (ही आद्याक्षरं माझा जीव घेणार) अजिंक्यपदही त्यांनीच घेतलं, पेनल्टीवर. जानेवारी 2017 मध्ये, म्हणजे कप जिंकून काही महिने होतात न होतात तोच, क्लब विकला गेला आणि थेट नॉर्थ कॅरोलिनात हलला. तोच आजचा नॉर्थ कॅरोलिना करेज. तेच शहर, तेच मैदान, श्रेणी सर्वात वरची, हातात ताजा कप, आणि तरीही गाशा गुंडाळला. त्याच वर्षअखेर ऱ्हायनोजनीही खेळ थांबवला. मेसेजवाल्यानं या एका प्रकरणाचं उत्तर द्यावं, बाकी सगळं मी सोडून देतो.

इंग्लंडमध्ये वर गेलेल्या क्लबला टीव्हीच्या पैशाचा मोठा वाटा मिळतो, म्हणून बढतीला तिथं आर्थिक अर्थ आहे. 2000 च्या सुमाराला एमएलएसकडं वाटायला तसला पैसाच नव्हता. 2002 च्या वर्ल्ड कपचे अमेरिकेतले इंग्रजी प्रक्षेपणहक्कसुद्धा लीगच्या मालकांनी एकत्र येऊन स्वतः विकत घेतले, का तर त्याला जोडून आपले सामने टीव्हीवर दिसावेत. अशा लीगमध्ये वर जाणं म्हणजे उत्पन्न तेवढंच आणि खर्च दुप्पट. आपल्याकडं महिंद्र युनायटेड कुठं खालच्या श्रेणीत होता? 2005-06 चा राष्ट्रीय विजेता, कूपरेजवर खेळणारा, वरच्या लीगमधला क्लब. 2010 मध्ये कंपनीनं ठरवलं आणि तो बंद झाला.

व्हार्डीबद्दल थोडक्यात. जून 2021 मध्ये तो सहमालक झाला हे खरं. कारखान्यात काम करत, खालच्या लीगा तुडवत इंग्लंडच्या लेस्टर क्लबपर्यंत पोचलेला माणूस आणि ऱ्हायनोज, जोडी छान जमली. पण 2022 मध्ये क्लब परतला तो ऱ्हायनोज या नावाशिवाय, रोचेस्टर न्यूयॉर्क एफसी म्हणून. लीग होती एमएलएस नेक्स्ट प्रो, म्हणजे एमएलएस क्लबांच्या राखीव संघांची. तिथल्या 21 संघांत स्वतंत्र असा हा एकटाच. घरचे सामने एका कम्युनिटी कॉलेजच्या मैदानावर, कारण ज्या स्टेडियमपायी सगळं रामायण घडलं ते आता शहराच्या ताब्यात होतं, आणि तिथं त्याच वर्षी फ्लॉवर सिटी युनियन नावाचा दुसराच व्यावसायिक क्लब खेळत होता. मार्च 2023 मध्ये व्हार्डीच्या क्लबनं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. फ्लॉवर सिटीनंही तो हंगाम कसाबसा काढला आणि तोही बंद पडला.