आपण कुठं विमानात बसतोय?

पाण्याखाली खोली आणि वेळ मोजणारा मनगटी डाइव्ह कॉम्प्युटर घ्यायचा ठरलाय? मग आधी पट्ट्याचा रंग बघा. बोलेरोशी जुळला की निम्मं काम झालं. काही लोक भर उन्हात स्क्रीन वाचता येते का, चाळिशीचा चष्मा काढल्यावर आकडा दिसतो का, ओल्या बोटांनी बटण दाबलं जातं का, असलं तपासत बसतात. बेळगावच्या खडेबाजारात साडी घेताना एवढा वेळ लावावा, यंत्राला कशाला?

हातातल्या घड्याळाच्या पाठीवर ‘५० मीटर’ छापलेलं असेल तर वेगळा कॉम्प्युटर तरी कशाला ओ? तो आकडा स्थिर दाबाच्या चाचणीचा असतो, डायव्हिंगच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे निराळं मानक आहे, आणि त्या मानकाचं घड्याळसुद्धा खोलीवर श्वासातून अंगात मुरणाऱ्या आणि झटकन वर आल्यास बुडबुडे होऊन दुखणं देणाऱ्या नायट्रोजनचा हिशोब ठेवत नाही. पण आपण तर १८ मीटरवरच जाणार. बाकीचे ३२ मीटर शिल्लकच की!

तरी घेणारच असाल तर दुकानदार यंत्रातल्या हिशोबाच्या पद्धतीचं नाव ‘ब्यूलमान झेडएचएल-१६सी’ म्हणाला की मान डोलवा. तुमच्या रक्तात काय चाललंय ते यंत्राला दिसत नाही. खोली आणि वेळ यांवरून ते सोळा काल्पनिक ऊतींमधला नायट्रोजन मोजतं. काही ऊती मिनिटांत भरतात, सर्वांत संथ ऊतीचा अर्ध-काळ (निम्मं भरायला लागणारा वेळ) ६३५ मिनिटांचा. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ४०/८५ चे ग्रेडियंट फॅक्टर, म्हणजे हिशोबातली सावधगिरी ठरवणारे आकडे, ९५/९५ करून टाका (आकडा मोठा, सावधगिरी कमी). तळाशी जादा मिनिटं मिळतात, तीही फुकट. रात्रभर गाडी चालवलीय, पाणी कमी प्यायलंय, पन्नाशी उलटलीय, हे त्याला कोण सांगणार? आणखी मिनिटं हवीत तर सेटिंगमध्ये ३२ टक्क्यांचा नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजन, कमी नायट्रोजनचं मिश्रण) लावा आणि साध्या हवेचा सिलिंडर पाठीवर घ्या. यंत्र एकदम खूश.

घरात एकच कॉम्प्युटर पुरतो. सकाळच्या डाइव्हला दादाच्या मनगटावर, दुपारच्या डाइव्हला वहिनींच्या. सकाळी वहिनी दादापेक्षा चार मीटर खाली होत्या, पण दुपारी यंत्र वहिनींच्या अंगात दादाचा नायट्रोजन मोजेल. लग्नानंतर सगळं सामाईकच असतं.

बॅटरी बदलायची ती निघायच्या आदल्या रात्री, पंख्याखाली, दोन रुपयांच्या नाण्याने झाकण फिरवून. ओ-रिंगवर (झाकणाखालच्या रबरी कड्यावर) एक केस किंवा वाळूचा कण राहिला तरी पाणी आत शिरतं, म्हणून तिच्याकडे बघूच नका. सिलिकॉन ग्रीसऐवजी खोबरेल लावा, घरात असतंच. दोन डाइव्हच्या मधे बदललीत तर आणखी बरं. काही मॉडेल्स पहिली डाइव्ह साफ विसरतात आणि तुम्हाला ताजेतवाने समजतात.

मॅन्युअल इंग्रजीत येतं. १९५६ च्या सीमावादापासून इथला मराठी आणि कन्नड माणूस एका गोष्टीवर तरी एकमताने वागतो: ते वाचायचं नाही. त्यामुळे उंचीचं सेटिंग कुठं असतं हे दोघांनाही ठाऊक नसतं. उंचावरच्या हिडकल धरणाच्या पाण्यात सराव करणार असाल तर ते पान फाडूनच टाका. ३०० मीटरच्या वरची डाइव्ह उंचीवरची धरतात, आणि समुद्रसपाटीचंच सेटिंग राहिलं तर यंत्र जादा मिनिटं दाखवतं. खारं पाणी लावलेलं असेल तर गोड्या पाण्यात खोलीही तीनेक टक्के कमी दिसते. ब्यूलमान झुरिकचे डॉक्टर, त्यांनी डोंगरातल्या तलावांचा हिशोब मुद्दाम मांडला होता. स्वित्झर्लंडला समुद्र नाही, आपल्या जिल्ह्यालाही नाही, पण त्यांना रिकामा वेळ असणार.

आता खरं कौशल्य. मालवणला रविवारी सकाळी दोन डाइव्ह मारा. मिनिटाला ९ मीटरपेक्षा जलद वर आलात तर मनगटावर पीं-पीं सुरू होईल, ती मासे ऐकतील. नायट्रोजन हळू सुटावा म्हणून घ्यायचे ५ मीटरवरचे तीन मिनिटांचे थांबे होडीवाला घाईत आहे म्हणून गाळा. जेवणात सुरमई घ्या आणि तीनला गाडी काढा, सोमवारी ऑफिस आहे.

स्क्रीनवर विमानाचं चित्र आणि त्यावर फुली दिसेल. अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास, एकाच डाइव्हनंतर १२ तास उडायचं नाही, असा डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हर-सुरक्षा संस्थेचा सल्ला आहे. तो विमानापुरता नाही, ६०० ते २४०० मीटर उंचीवर कसेही गेलात तरी लागू होतो. बेळगाव सुमारे ७५० मीटरवर. तिथं हवेचा दाब मालवणपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी, म्हणजे आंबोलीचं प्रत्येक वळण अंगातला उरलेला नायट्रोजन सुटायला मदत करतं. मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटावर डाइव्ह करून आलात तरी घाट चुकत नाही. पण आपण कुठं विमानात बसतोय? बोलेरोला पंख नाहीत.

आंबोलीला गरम भजी खा. कोपर ठणकलं तर स्टिअरिंग जड झालंय म्हणा, खांद्यावर जांभळट जाळी उठली तर मासा बाधला म्हणा. घरी पोचल्यावर डॉक्टरांकडे गेलात तर समुद्राचं नावही काढू नका, नाहीतर ते शुद्ध ऑक्सिजन लावतील आणि प्रेशर चेंबरची चौकशी करतील. दुखण्यावरची गोळी घेऊन झोपा. उशाशी काढून ठेवलेल्या कॉम्प्युटरवर विमान अजून लुकलुकत असेल, त्यावर रुमाल टाका.