टीव्हीवरची मारामारी बघून मन घट्ट होत नाही

‘टीव्ही समाजाचा आरसा आहे, जे घडतं तेच दाखवतो. लोक बघतात म्हणून दाखवतो. सगळं लाइव्ह कळणं हा जनतेचा हक्क आहे. बघून बघून मुलांचं मन घट्ट होतं. आणि नको असेल तर रिमोट तुमच्याच हातात आहे.’ हा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. घरच्या ग्रुपवर तो ताईने टाकला, खाली ‘अगदी पटलं’ लिहून. तिचा मुलगा तिसरीत आहे, म्हणून गप्प राहवत नाही.

आधी ते ‘मन घट्ट होतं’, कारण सगळ्यात घातक वाक्य तेच. १९७४ मध्ये अमेरिकेत ड्रॅबमन आणि थॉमस या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलं तिसरी-चौथीतली. काहींना मारामारीचा चित्रपट दाखवला, काहींना नाही. मग एकेकाला सांगितलं, दुसऱ्या खोलीत दोन लहान मुलं खेळताहेत, या पडद्यावर त्यांच्याकडे लक्ष ठेव, काही गडबड झाली तर मला बोलव. पडद्यावरची मुलं आधी नीट खेळली, मग भांडली, मग एकमेकांना मारू लागली. ते आधीच केलेलं चित्रीकरण होतं, पण बघणाऱ्यांना ते आत्ता घडतंय असंच वाटत होतं. चित्रपट पाहून आलेल्या मुलांनी मोठ्या माणसाला बोलवायला जास्त वेळ लावला. बरीच मुलं तर हाणामारी सुरू होईपर्यंत जागची हलली नाहीत. ताई, मन घट्ट झालं म्हणतेस ते हेच का? दचकणं कमी होतं, एवढं खरं आहे, तेवढं मान्य. पण समोर कुणी मार खात असताना आपलं मूल उशिरा धावलं, याला जगात वावरायची तयारी कसं म्हणायचं?

‘घडतं तेच दाखवतो’ हेही अर्धवट आहे. एकच सीसीटीव्ही फुटेज लाल वर्तुळ काढून, पार्श्वसंगीत लावून दिवसभर फिरवलं, की एकदा घडलेली गोष्ट बघणाऱ्यासाठी पन्नासदा घडते.

लोक बघतात, हे नाइलाजाने कबूल. अपघात झाला की रस्त्यावरही गर्दी जमतेच. पण तिकिटं लावून ती गर्दी वाढवायची का, हा प्रश्न उरतोच.

राहिला जनतेचा हक्क. २६/११ ला कमांडो कुठून उतरताहेत ते चॅनेलांनी थेट दाखवलं आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तेच बघून आतल्या दहशतवाद्यांना फोनवर सूचना देत होते. कसाबच्या खटल्याच्या निकालात, २९ ऑगस्ट २०१२ ला, सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले: यात ना देशहित होतं ना समाजहित, होता तो व्यावसायिक स्वार्थ. २०१५ मध्ये केबल टीव्हीचे नियम बदलून दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आली. माणसांचे जीव धोक्यात घातल्यावर मग हा नियम झाला.

आणि रिमोट. मुलगा गेलेल्या आईच्या तोंडासमोर माइक धरून ‘आता कसं वाटतंय’ विचारतात, तेव्हा आपण चॅनेल बदलून तिच्यापुढचा माइक हटत नाही.