पत्ते मोजू इच्छिणाऱ्यांना चार हिताच्या गोष्टी

ब्लॅकजॅकमध्ये, म्हणजे एकवीसच्या पुढे न जाता त्याच्या जवळ पोहोचून कॅसिनोला हरवायच्या पत्त्यांच्या जुगारात, पत्ते मोजून श्रीमंत व्हायचे आपण ठरवले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. आणि त्यात कॅसिनोचेही अभिनंदन मिसळलेले आहे असे समजावे, कारण आपल्यासारख्या निश्चयी माणसांवर त्या धंद्याचा मोठा लोभ आहे. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने १९६२ मध्ये पुस्तक लिहून हा खेळ हरवता येतो असे दाखवून दिले, तेव्हा लास व्हेगासच्या मंडळींना घाम फुटला आणि १९६४ मध्ये त्यांनी घाईघाईने नियम आवळले. गिऱ्हाईक टेबलावरून उठून जाऊ लागले, तसे काही आठवड्यांत ते नियम निमूटपणे मागेही घेतले गेले. पुस्तक वाचणारे पुष्कळ आणि त्याप्रमाणे खेळू शकणारे मोजके, हे एव्हाना त्यांच्या ध्यानात आले होते.

विद्या तशी सोपी आहे. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचे पान दिसले की मनात एक मिळवावा, दश्शी, गुलाम, राणी, राजा किंवा एक्का दिसला की एक वजा करावा, आणि सत्ती-अठ्ठी-नव्वीकडे दुर्लक्ष करावे. लहान पाने निघून गेली की उरलेल्या गठ्ठ्यात मोठी पाने दाटतात व पारडे आपल्याकडे झुकते; तेव्हाच पैज वाढवायची. समजा, सहा कॅटांपैकी तीन वाटून झाले आहेत आणि आपली बेरीज नऊवर आली आहे. तर उरलेल्या तीन कॅटांनी भागून खरा आकडा तीन. हा भागाकार पत्ते वाटणारा डीलर दर दोन-तीन सेकंदांनी पान टाकत असताना, शेजारचा गृहस्थ आपल्या मेहुण्याच्या घटस्फोटाची हकिगत सांगत असताना, आणि फुकटच्या मद्याचा तिसरा पेला समोर येत असताना करायचा असतो. पेला कॅसिनो निव्वळ आतिथ्यापोटी देते, याविषयी मनात किंतू आणू नये.

एवढे तप केल्यावर फळ काय, तर साधारण एक टक्का. म्हणजे शंभर डॉलर लावले की सरासरीने एक डॉलर, तोही कित्येक हजार डाव झाल्यावर; मध्यंतरी सारे भांडवल बुडाले तर गणिताचा विश्वास ढळू देऊ नये, कारण गणित बरोबरच असते. शिवाय ज्या टेबलावर ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहाच्या मोलाचे पान, लागल्यास तीनास दोनऐवजी सहास पाच या दराने पैसे मिळतात, म्हणजे शंभरावर दीडशेऐवजी एकशेवीस, तिथे खुशाल बसावे. त्या एका बदलाने कॅसिनोचा फायदा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो आणि आपला एक टक्का अलगद गिळला जातो. पण टेबलावरचा तो दर सांगणारा फलक इतका लहान असतो की त्याचा राग धरणे अशिष्टपणाचे ठरेल.

कॅसिनो याला फसवणूक म्हणत नाही, हे त्याच्या मनाच्या मोठेपणाचे लक्षण आहे. लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात १९८५ पासून मोजणीसाठी यंत्र वापरणे गुन्हा आहे. डोके वापरणे गुन्हा नाही, फक्त गैरसोयीचे आहे. म्हणून तिथे आपल्याला तुरुंगात न टाकता नुसते बाहेर काढतात. आकडा चांगला झाला आणि आपण दहा डॉलरांवरून एकदम दोनशेवर उडी घेतली की छतातल्या कॅमेऱ्यामागचा कोणीतरी फोन उचलतो, आणि थोड्याच वेळात सूट घातलेला एक सद्गृहस्थ खांद्याशी येऊन सांगतो की इतर कोणताही खेळ आपण मनसोक्त खेळावा, ब्लॅकजॅक मात्र नको. रूलेटचे चाक आपल्याला पारखे होत नाही, ही दिलाशाची बाब आहे. अटलांटिक सिटीत केन अस्टन या खेळाडूने हा अन्याय कोर्टात नेला, आणि १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की केवळ पत्ते मोजतो म्हणून कॅसिनोला स्वतःच्या मर्जीने कोणाला हाकलता येणार नाही. विजय मोठाच होता. त्यानंतर कॅसिनोंनी कोणालाही न हाकलता कॅट वाढवले आणि निम्मा गठ्ठा वाटून होण्याआधीच पत्ते पिसायला घेतले; पुढे तर अखंड पिसत राहणारी यंत्रेच आली, ज्यांत गेलेले पान लगेच परत मिसळते आणि मोजण्याजोगे काही उरतच नाही.

तेव्हा मोजणीपेक्षा अभिनय आधी शिकावा. ओठ हलवू नयेत, मोठी पैज लावताना दारूच्या अमलाखाली असल्यासारखे हसावे, हरल्यावर नशिबाला शिव्या द्याव्यात आणि जिंकल्यावर शर्टाला श्रेय द्यावे. खुद्द थॉर्पनेही पुढे ओळख लपवण्यासाठी दाढी लावली होती, तेव्हा दाढीत कमीपणा मानू नये.

आणि दोन महिने नेमाने खेळूनही खांद्याशी कोणी आले नाही, उलट राहण्याची खोली व रात्रीचे जेवण फुकट मिळू लागले, व्यवस्थापक नावानिशी विचारपूस करू लागला, तर घरी जाऊन एक कॅट टेबलावर पसरावा आणि आपली बेरीज नेमकी कुठे चुकते ते शांतपणे तपासावे.