हातरिक्षा हा माथेरानचा वारसा नाही

हंगाम सुरू झाला की व्हॉट्सअ‍ॅपवर माथेरानचा एक मेसेज फिरू लागतो. माझ्याकडे तो नातेवाइकांच्या, शाळेच्या आणि ट्रेकिंगच्या अशा तिन्ही ग्रुपवरून आला. शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर हाच: "माथेरान हे आशियातलं एकमेव वाहनमुक्त गिरिस्थान. दीडशे वर्षं इथे गाडी आली नाही, म्हणून ते टिकलं. आता ई-रिक्षा आणून त्याचा गळा घोटला जातोय. हातरिक्षा हा आपला वारसा आहे, तो पुसला जातोय. घोडेवाले उपाशी मरतील. लाल माती जाईल. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी मिनी ट्रेन आहेच. माथेरान वाचवा."

मी नेरळची. आत्या लग्न होऊन माथेरानला गेली, त्यामुळे माझ्या सगळ्या सुट्ट्या डोंगरावर गेल्या. माथेरानात मोटारी येऊ नयेत असं मलाही मनापासून वाटतं. ती बंदी उठवायची कुणी मागणी केली तर विरोध करणाऱ्यांत मी पुढे असेन. पण या मेसेजमधलं एकेक वाक्य मला सलतं, आणि ते का सलतं हे सांगायलाच हवं.

आधी ते दीडशे वर्षांचं. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली डोंगरावर आले आणि माथेरान साहेबांच्या नकाशावर गेलं. त्यानंतरची पन्नासेक वर्षं नेरळहून वर यायचं तर तट्टू, पालखी नाहीतर आपले पाय. मग मुंबईच्या आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःचे सोळा लाख रुपये घालून दोन फुटी रुळांची रेल्वे बांधली. मुलगा अब्दुल हुसेन त्या कामामागे उभा होता. १९०४ला काम सुरू झालं आणि १९०७ला गाडी वर पोचली. म्हणजे इंजिन माथेरानात येऊन शंभरावर वर्षं झाली. आधी ते कोळशावर चालायचं, नंतर डिझेलवर. रुग्णवाहिकाही गावात आहे, आणि असायलाच हवी. केंद्र सरकारने ४ फेब्रुवारी २००३च्या अधिसूचनेने माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आणि गावातल्या वाहनबंदीला पक्का आधार मिळाला, त्यातही रुग्णवाहिकेला सूट आहेच.

आणि गाडी येत नाही म्हणजे कुठे येत नाही? शनिवारी सकाळी गावाबाहेर, मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यावर उभं राहून बघा. मुंबई-पुण्याच्या मोटारींनी वाहनतळ भरलेला असतो, घाटात नेरळच्या टॅक्सींची ये-जा चालू असते. गॅसचे सिलिंडर, तांदूळ, सिमेंट, हॉटेलांचा भाजीपाला, सगळं ट्रकने दस्तुरीपर्यंत येतं. तिथून पुढे ते घोड्याच्या पाठीवर किंवा हातगाडीवर चढतं. वाहनमुक्त हा शब्द वाचणाऱ्याला वाटतं की इथे ओझीच वाहिली जात नाहीत. ओझी तेवढीच आहेत. दस्तुरीला इंजिन थांबतं आणि तिथून पुढचं काम माणसाच्या आणि जनावराच्या अंगावर पडतं.

'आशियातलं एकमेव' यावर फार वेळ घालवत नाही. चीनमध्ये शियामेन शहरासमोर गुलांग्यू नावाचं बेट आहे. तिथे मोटारींना बंदी, सायकललासुद्धा बंदी, आणि पर्यटकांसाठी विजेवरच्या छोट्या गाड्या. २०१७ला ते जागतिक वारसास्थळ झालं. विजेच्या गाड्यांमुळे कुणी त्याचा दर्जा नाकारला नाही.

आता वारसा. मेसेजमधलं हे वाक्य वाचून मला खरोखर राग आला.

हातरिक्षा मुळात जपानची. तिथे ती १८६९च्या सुमारास निघाली आणि काही वर्षांत सिमल्यासारख्या साहेबी गिरिस्थानांवर आली. सह्याद्रीच्या कुठल्या वाडीत, कुठल्या किल्ल्यावर ती कधी नव्हती. साहेबाला आणि मडमेला चढ चढायला नको म्हणून ती आली, साहेब गेला आणि ती मागे राहिली. वारसा म्हणून जपायचं तर नेरळहून वळणं घेत येणारी ती रेल्वे आहे, जुने बंगले आहेत, जंगल आहे. माणसाने माणसाला ओढणं त्या यादीत कशासाठी घालायचं?

ज्यांनी ती ओढताना जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. एक जण पुढे दांडा धरून ओढतो. चढ आला की मागून एक, कधी दोन जण ढकलतात. उतारावर हेच मागचे ती रोखून धरतात, कारण गाडी सुटली तर पुढच्याच्या अंगावर येते. हे सगळं लाल धुळीत, आणि पावसाळ्यात घोटाभर चिखलात. दस्तुरी ते बाजार अंतर अडीच-तीन किलोमीटर. दिवसात अशा किती फेऱ्या मिळतील ते हंगामावर.

आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या श्रावणात मी तिला कर्जतहून घरी पोचवायला गेले होते. दस्तुरीला पाऊस कोसळत होता. आत्या हातरिक्षात बसली, मी शेजारून छत्री धरून चालत होते. ओढणारे काका तिच्याच वयाचे असतील. पहिल्या चढावर त्यांचा श्वास ऐकू यायला लागला आणि आत्या म्हणाली, "भाऊ, थांबा. मी उतरते." ते म्हणाले, "बसा ताई, ऑपरेशन झालंय तुमचं. आणि तुम्ही उतरलात तर मी खाऊ काय?" आत्या घरी येईपर्यंत पदर तोंडाला लावून बसली होती. पुढे दोन वर्षं ती डॉक्टरकडे जायचं टाळत राहिली. गुडघ्याचं दुखणं तिने सहन केलं, पण त्या गाडीत बसणं तिला सहन होत नव्हतं.

या माणसांनाच हे काम नको होतं, हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. ई-रिक्षासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत हातरिक्षावाल्यांची संघटनाच गेली. परवानाधारक हातरिक्षा ९४. मे २०२२मध्ये न्यायालयाने प्रायोगिक परवानगी दिली, त्या डिसेंबरात सात ई-रिक्षा चालवून पाहिल्या गेल्या, पुढे ती संख्या वीसवर गेली. ६ ऑगस्ट २०२५ला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायचा आदेश दिला. ही प्रथा अमानवी आहे, आणि स्वातंत्र्याला ७८ वर्षं होऊनही ती चालू राहावी हे राज्यघटनेच्या वचनाशी प्रतारणा करणारं आहे, असा त्याचा आशय. पंजाबातल्या सायकलरिक्षा ओढणाऱ्यांच्या १९८०च्या खटल्याची आठवणही न्यायालयाने काढली. तिथे निदान सायकल तरी होती. इथे पंचेचाळीस वर्षांनंतरही माणूस पायी ओढत होता. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, हेही सरकारला बजावलं. पुसल्या जाणाऱ्या वारशाचं दुःख करण्याआधी तो खांद्यावर वाहणारे काय म्हणतात ते तरी विचारायला हवं होतं.

घोडेवाल्यांबद्दल मात्र मेसेजमधली भीती पूर्ण खोटी नाही. माथेरानात साडेचारशेच्या वर परवान्याचे घोडे आहेत, आणि एकेका घोड्यावर घर चालतं. दस्तुरीहून बाजारापर्यंतची जी सवारी आधी हमखास मिळायची तिच्यातला काही वाटा ई-रिक्षा घेणार. त्यांचं नुकसानच होत नाही असं म्हणणं खोटेपणा होईल. पण उपाशी मरतील हा शब्द जास्त आहे. पर्यटक घोड्यावर बसतो तो एको पॉइंट, लुईझा पॉइंट, शार्लोट तलाव फिरायला. तिकडे ई-रिक्षा जाऊच शकत नाही आणि जाऊही नये. घोडेवाल्यांसाठी खरंच काही करायचं तर जनावरांच्या दवाखान्याची, उन्हापावसात उभं राहायला निवाऱ्याची, ठरलेल्या दराची मागणी लावून धरा. हातरिक्षावाल्याला तसंच जुंपून ठेवल्याने घोडेवाल्याच्या ताटात काही पडत नाही.

लाल मातीचं दुःख मलाही आहे. लहानपणी सुट्टी संपवून घरी गेलं की पांढरे मोजे आठवडाभर विटकरी राहायचे. पण ती माती ई-रिक्षा येण्याआधीपासून जाते आहे. इथला पाऊस, उतार, हजारो पावलं आणि टापा मिळून ती दरवर्षी खाली वाहून नेतात, आणि मागे उरतात खडक आणि झाडांची उघडी मुळं. त्यासाठी रस्त्यावर फरसबंदीचे पेव्हर ब्लॉक घातले गेले आणि भांडण खरं तिथे पेटलं, कारण त्यावर घोड्याची टाप घसरते. घोडेवाल्यांची ही तक्रार रास्त आहे. न्यायालयाने काढलेला मार्ग मला पटतो: दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉक, आतल्या रस्त्यांवर आणि पॉइंटांच्या पायवाटांवर नाही. मातीची खरी लढाई या रेषेवर लढायची आहे. उद्या कुणी ब्लॉक शार्लोट तलावाकडे न्यायला निघालं तर तेव्हा मेसेज पाठवा, मीही पाठवीन.

राहिली मिनी ट्रेन. तिच्यावर माझं प्रेम आहे, पण तिच्या भरवशावर गाव चालत नाही. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद असते. २६ जुलै २००५च्या पावसात रूळ वाहून गेले, गाडी २००७लाच परत आली. मे २०१६मध्ये डबे घसरले आणि ती पुन्हा वर्षावर बंद पडली. २०१९च्या पावसानंतर नेरळहून गाडी सुटायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंत शटल गाडी आहे, पण ती तिच्या वेळेला. २०११च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या ४,३९३ होती. त्यात शाळेची पोरं आहेत, गरोदर बाया आहेत, डायलिसिसला खाली जाणारे आहेत. दोन दिवस राहून परत जाणाऱ्याला चालायला आवडतं, आवडावंच. तेच चालणं नवव्या महिन्यात, रात्री, पावसात करायचं असतं तेव्हा ते वेगळं असतं.

ई-रिक्षाला माझा पाठिंबा बिनशर्त नाही. संख्या ठरलेली असावी आणि हंगामात गर्दी आहे म्हणून ती वाढवू नये. मार्ग दस्तुरी ते बाजार एवढाच. गाड्या कुठल्या ठेकेदाराच्या हाती जाऊ नयेत. न्यायालयाने गुजरातमधल्या केवडियाचा दाखला दिला आहे, तिथे स्थानिक बायका ई-रिक्षा चालवतात. त्याच धर्तीवर सरकारने गाड्या घेऊन आधी प्रत्यक्ष हातरिक्षा ओढणाऱ्यांना भाड्याने द्याव्यात आणि उरलेल्या आदिवासी बायकांना व इतर गरजूंना, असं आदेशात आहे. खरा ओढणारा कोण हे ठरवायचं काम माथेरानच्या संनियंत्रण समितीकडे आहे. परवाना एकाच्या नावावर आणि दांडा दुसऱ्याच्या हातात, असं इथे वर्षानुवर्षं पाहिलं आहे. त्या दुसऱ्याचं नाव यादीत येतं की नाही याकडे आत्ता लक्ष द्यायला हवं, कारण तो या कुठल्याच ग्रुपवर नाही.