ॲडॉल्फ नावावर बंदी? कुठल्या कायद्याने?

‘तुम्हाला माहीत आहे का’ छापाच्या मजकुरात हे हमखास सापडतं: जर्मनीत मुलाचं नाव ॲडॉल्फ ठेवायला कायद्याने बंदी आहे, हे नाव हिटलरमुळेच लोकांना कळलं, त्याचा अर्थच मुळी हिंस्र आहे, आणि 1945 साली ते एका रात्रीत जगातून पुसलं गेलं. या चारांपैकी एकही विधान धड नाही.

आधी बंदीचं बघू. जर्मनीत निषिद्ध नावांची सरकारी यादीच नाही. जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी ठेवणारं कार्यालय असतं, त्याला तिकडे ‘श्टांडेसआम्ट’ म्हणतात. नावामुळे पुढे मुलाचं नुकसान होईल असं वाटलं तर तिथला अधिकारी नोंद नाकारू शकतो, आणि ते पटलं नाही तर आईबाप कोर्टात जाऊ शकतात. ॲडॉल्फ म्हटल्यावर अधिकारी दहा प्रश्न विचारणार, हे उघड आहे. पण प्रश्न विचारणं म्हणजे बंदी नव्हे. बंदी आहे ती नाझी स्वस्तिक मिरवण्यावर, हिटलरी सलामी ठोकण्यावर. दंडसंहितेचं 86अ हे कलम त्यासाठीच आहे. गल्लत होते ती बहुधा इथेच.

गंमत म्हणजे या प्रकरणात सरकारने खरोखर आडकाठी घातली ती नाझींच्याच राज्यात. 1933 साली काही उत्साही भक्त पोरांचं पहिलं नाव ‘हिटलर’ आणि पोरींचं ‘हिटलरीने’ ठेवू लागले, तेव्हा अशी नावं नोंदवू नका, असं गृहखात्यालाच अधिकाऱ्यांना सांगावं लागलं. नेत्याचं आडनाव असं गल्लोगल्ली झालेलं त्यांना नको होतं.

‘हिटलरमुळे कळलं’ हा दावा तर इतिहासाचं कुठलंही पुस्तक उघडलं तरी कोसळतो. ॲडॉल्फ ऑफ नासाऊ हा 1292 ते 1298 जर्मनीचा राजा होता. ओस्नाब्रुकचे बिशप ॲडॉल्फ 1224 मध्ये वारले, त्यांना कॅथलिक संत मानतात. स्वीडनचा राजा गुस्ताव्ह ॲडॉल्फ 1632 साली ल्युत्सेनच्या लढाईत मारला गेला आणि प्रोटेस्टंट जर्मनांचा वीरपुरुष झाला. 19व्या शतकात त्याच्या नावाने मदतसंस्था निघाली. निळीच्या रसायनशास्त्रावर काम करणारे ॲडॉल्फ फॉन बायर यांना 1905 चं नोबेल मिळालं. (पुढे कारखान्यात तयार झालेल्या निळीने बिहारमधल्या निळीच्या मळ्यांचा धंदा बुडवला, म्हणजे या नावाशी आपला संबंध हिटलरच्याही आधीचा.) 1889 मध्ये ब्राउनाऊला जन्मलेल्या हिटलरला हे नाव मिळालं ते त्या काळी सर्रास चालायचं म्हणून.

अर्थाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. ‘अडाल’ म्हणजे थोर कुळातला आणि ‘वोल्फ’ म्हणजे लांडगा. जुन्या जर्मन टोळ्यांत लांडगा हे शौर्याचं चिन्ह होतं. आपला ‘वृक’ त्याच मुळातला, आणि भीमाला वृकोदर म्हणताना आपल्याला काही हिंस्र वाटत नाही. रुडॉल्फमध्येही तोच लांडगा आहे. हेर्त्सोगेनआउराख गावच्या दास्लर भावांपैकी ॲडॉल्फने आदिदास काढली, रुडॉल्फने प्यूमा. आता बघा, रुडॉल्फ हेस हिटलरचा उजवा हात होता, रुडॉल्फ ह्योस आउशवित्स छळछावणीचा कमांडंट. तरी रुडॉल्फ हे नाव कलंकित झालं नाही. दोष नावाच्या अर्थामध्ये असता तर दोन्ही नावं बरोबरच बुडाली असती.

राहिलं ‘एका रात्रीत’. 1920च्या दशकात ॲडॉल्फ हे नाव आजोबांच्या पिढीचं वाटू लागलं होतं, त्याची चलती ओसरत होती. 1933 मध्ये ते एकदम वर उसळलं. मग युद्ध अंगावर उलटू लागलं तशी नवी नोंद कमी होत गेली, म्हणजे शरणागतीच्या आधीच. युद्धानंतर नवजात ॲडॉल्फ जवळपास दिसेनासे झाले, एवढा भाग खरा. पण ते सरकारने केलं नाही, घराघरातल्या आईबापांनी केलं. आपल्याकडे दुःशासन नावावर कुठे बंदी आहे? आधी जन्मलेले ॲडॉल्फ मात्र तेच नाव घेऊन जगले. कुणी ‘आदी’ झाले, कुणी ‘डॉल्फ’.

आणि ‘जगातून’? स्पॅनिशमध्ये ॲडॉल्फो अजून धडधाकट आहे. ॲडॉल्फो सुआरेस 1976 ते 1981 स्पेनचे पंतप्रधान होते, आणि अर्जेंटिनाचे ॲडॉल्फो पेरेस एस्किव्हेल यांना 1980 चं शांततेचं नोबेल मिळालं. स्वीडनचे गुस्ताफ सहावे ॲडॉल्फ गादीवर आले तेच मुळी 1950 साली, आणि 1973 पर्यंत राज्य करून गेले. एकेकाळी जर्मन वसाहत असलेल्या नामिबियात 2020 मध्ये ॲडॉल्फ हिटलर उनोना नावाचे उमेदवार प्रादेशिक परिषदेवर निवडून आले. आपल्याच मेघालयाच्या राजकारणात ॲडॉल्फ लू हिटलर मराक हे नाव मतदारांच्या चांगलं ओळखीचं आहे.