मी पाहिलेला कैकर

नदीकाठी बसून पक्षी पाहण्यात काहीच कष्ट नाहीत; कष्ट असतात ते दुसऱ्याने दाखवलेला पक्षी पाहण्यात. माझे मेहुणे हिवाळ्यात रविवारी पहाटे मला उठवून हत्तरसंग कुडलला नेतात, तेव्हा भीमा आणि सीना यांच्या संगमावर जे काही उडत, पोहत किंवा चिखलात चोच खुपसत असते, ते बहुतेक सगळे त्यांनी मला दाखवलेले असते आणि त्यातले फारच थोडे मला दिसलेले असते. वास्तविक त्याच काठावर संगमेश्वराच्या मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. हजार वर्षे एका जागी स्वस्थ असलेली ती अक्षरे मला चष्मा लावून सावकाश पाहता येतात. मेहुण्यांना मात्र तिकडे वळायला वेळ नसतो, कारण शिलालेख उडून जाण्याची भीती नाही.

पक्षी दाखवण्याची त्यांची पद्धत अशी की आधी झाड दाखवायचे. "दाजी, ती समोरची बाभळ दिसली का?" पलीकडच्या काठावर बाभळींशिवाय दुसरे काही नसते, म्हणून मी "कोणती?" असे विचारतो, त्यावर "ती काय की, वाळलेल्या फांदीची" असे उत्तर मिळते. वाळलेली फांदी नाही अशी बाभूळ सोलापूर जिल्ह्यात अजून उगवायची आहे. तरीही मी एक बाभूळ मनाशी नक्की करतो, तिच्या बुंध्यापासून वर चढू लागतो, पहिल्या बेचक्यात डावीकडे वळतो, तिथून दुसऱ्या बेचक्याकडे निघतो आणि इतक्यात "उडाला! आता तरी दिसला का?" असा कुजबुजता चीत्कार कानाशी होतो.

दुर्बिणीने काम सोपे होईल, असे दुर्बीण कधी हाती न धरलेल्या माणसालाच वाटते. मेहुण्यांची दुर्बीण ८ बाय ४२ ची आहे. म्हणजे समोरची भिंगे ४२ मिलिमीटर व्यासाची आणि दृश्य आठपट मोठे. आठपट मोठे होते ते सर्वच. बाभूळ आठपट मोठी होते, तिची पाने आठपट होतात आणि माझ्या हाताची थरथरही आठपट होते, त्यामुळे सगळा नदीकाठ भूकंप झाल्यासारखा हलत राहतो. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपुढे आणावी, असा या शास्त्रातला पहिला नियम आहे आणि तो निःसंशय योग्य आहे. मात्र नजर आधीच पक्ष्यावर पोहोचलेली आहे, असे तो गृहीत धरतो.

वंचक नावाच्या लहानशा बगळ्याची तर घडणच माझ्याविरुद्ध आहे. तो चिखलाच्या कडेला मान आखडून बसला की मातकट पाठीमुळे आणि छातीवरच्या रेघांमुळे चिखलाचाच भाग होतो, आणि उडताच पंख पांढरेशुभ्र असल्याचे उघड करून निघून जातो. मला तो कायम जातानाच दिसतो. "मारुती चितमपल्लींसारखा माणूस १९३२ साली ज्या गावात जन्मला, त्या गावच्या माणसाला साधा वंचक दिसू नये!" असे मेहुणे दर वेळी म्हणतात. गावाचे पाणी सर्वांना सारखे लागते, अशी त्यांची समजूत असावी. त्या मानाने शेकाट्या समजूतदार पक्षी आहे; लांब गुलाबी पायांवर उथळ पाण्यात उघड्यावर उभा राहतो आणि बाभळीच्या भानगडीत पडत नाही. कवड्या धीवरही पाण्यावर एकाच ठिकाणी पंख फडफडवत बराच वेळ अधांतरी थांबतो. तो माशावर नेम धरत असतो हे मला ठाऊक आहे, पण माझी सोय म्हणून तो थांबला आहे, असे मानायला मला आवडते.

उपासमार हा वेगळा विषय आहे. बहिणीने भावासाठी बांधून दिलेल्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असते, आणि कडक भाकरी मोडली की तिचा आवाज पार पलीकडच्या काठापर्यंत जातो, असा मेहुण्यांचा आक्षेप असतो. त्यामुळे तुकडा तोंडात धरून तो आपोआप मऊ होण्याची वाट पाहावी लागते. एवढे मौन पाळूनही टिटवी आम्हाला पाहताच साऱ्या नदीला ओरडून बातमी देते, आणि तिला कोणी बोलत नाही ते नाहीच.

"दिसला का?" या प्रश्नाला पहिल्या दोन वेळा "नाही" म्हणता येते. तिसऱ्यांदा नाही म्हणणे हा दाखवणाऱ्याचा अपमान ठरतो आणि चौथ्यांदा म्हटले तर डोळे तपासून घेण्याचा विषय घरी निघतो, म्हणून तिसऱ्या वेळी "हो, हो, वा!" म्हणावे, या मताचा मी आहे. जावयाच्या अंगी एवढा शिष्टाचार असावाच. मेहुणे मात्र प्रत्येक "वा" वहीत नोंदवतात, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. परवाच्या रविवारी त्यांनी कैकर, म्हणजे हिवाळ्यात पाहुणी येणारी मीनखाई घार दाखवली, मी रीतीप्रमाणे तिसऱ्या वेळी "वा" म्हटले, आणि "निरीक्षक : दोन" अशी नोंद झाली.

सोमवारी रात्री त्यांच्या पक्षिमित्रांपैकी एका गृहस्थांचा फोन आला. "सर, पोट पांढरे होते ना? साध्या घारीची शेपटी दुभंगलेली असते, ती नव्हती ना? डोळ्यावरून काळा पट्टा गेला होता का?" प्रश्नातच उत्तर ठेवणारा परीक्षक भेटला की उत्तीर्ण होणे अवघड नसते. पण शेवटी त्यांनी विचारले, "पायांत मासा होता म्हणता, तर तो आडवा धरला होता की उभा?"

मी विचारात पडलो. नवी पेठेतून सायकलवर आडवी शिडी घेऊन निघालेला माणूस मी पाहिला आहे. त्याने सगळा रस्ता अडवला होता आणि त्याला स्वतःलाही पुढे जाता येत नव्हते. पोट भरण्यासाठी उडणारा प्राणी असला कारभार करणार नाही, असे ठरवून मी म्हणालो, "उभा. लांबीत. डोके पुढे." पलीकडे क्षणभर कोणी बोलले नाही, आणि मग ते गृहस्थ भारावून म्हणाले की कैकर मासा अगदी असाच नेतो, वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून, पण इतके बारीक निरीक्षण सहसा कोणी करत नाही.

येत्या रविवारी मंडळी हिप्परगा तलावावर जाणार आहेत. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब तिथे उतरले असले, तर त्यांची मोजदाद एकमताने माझ्याकडे सोपवण्यात आली आहे.